देवगिरीचा पाडाव मिठाच्या पोत्यांनी झाला नाही

मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे, आणि दौलताबादला सहलीला आलेल्या शाळकरी मुलांनाही बहुतेक वेळा तोच ऐकवला जातो. त्याचा गोषवारा असा : देवगिरीचा किल्ला अजिंक्य होता आणि लढून तो कोणालाही घेता आला नसता, मात्र एका फितूर कारभाऱ्याने कोठारात धान्याऐवजी मिठाची पोती भरून ठेवली, ती ऐन वेढ्यात उघडली गेली आणि एका रात्रीत यादवांचे साम्राज्य बुडाले. या मजकुरातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे.

आधी मिठाचे पाहू. ही कथा आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः फिरिश्ता या इतिहासकारामुळे, आणि त्याने आपला ग्रंथ लिहिला तो अलाउद्दीन खलजीच्या 1296 मधल्या देवगिरीवरील स्वारीनंतर सुमारे 300 वर्षांनी. पण त्याचेच म्हणणे ग्राह्य धरले, तरी त्यात फितूर कुठेच नाही. कोकणातून मीठ घेऊन आलेले व्यापारी शत्रू आल्याचे कळताच आपला माल किल्ल्याजवळ टाकून पळाले. ती पोती धान्याचीच असावीत असे समजून किल्ल्यातल्या लोकांनी घाईघाईने आत ओढून घेतली, असे तो सांगतो. म्हणजे मूळ कथा घाईतल्या चुकीची आहे, कटाची नव्हे. कट आपण मागाहून जोडला, आणि काही मजकुरांत तर त्या कारभाऱ्याला नावही देऊन टाकले.

कटाची गोष्ट व्यवहारालाही धरून नाही. ज्यांच्या जुन्या वाड्यात पेव, म्हणजे धान्य साठवण्याचे तळघर, आहे, त्यांना विचारून पाहावे. ज्वारीच्या पोत्याला हात लावला की दाणा बोटांना कळतो, आणि मिठाचे पोते एक पावसाळा आत राहिले तर त्याला पाझर फुटून खालची जमीन पांढरी पडते. राजधानीच्या कोठारात अशी पोती महिनोन्‌महिने पडून राहिली आणि एकाही कोठीवाल्याच्या लक्षात आले नाही, हे मानणे कठीण आहे. शिवाय अलाउद्दीन प्रयागराजजवळच्या कडा या आपल्या ठाण्याहून निघाला तो 1296 च्या फेब्रुवारीअखेर. तो इथे पोहोचला तेव्हा आपल्या भागातली रब्बीची ज्वारी शेतात किंवा खळ्यावर असणार, आणि नवे धान्य किल्ल्यावर चढवण्याआधीच शत्रू दारात उभा राहिला असणार. हा माझा तर्क आहे, पण या मातीत ज्वारी कधी निघते हे माहीत असलेल्या कोणालाही तो पटावा.

आता अजिंक्यपणाचे. आज आपण जो किल्ला पाहतो, तो 1296 चा किल्ला नाही. खडकात कोरलेला खोल खंदक पाहून माणूस थक्क होतो, पण त्या वेळी किल्ल्याला खंदक नव्हता, असे फिरिश्ताच सांगतो. बाहेरचा अंबरकोट मलिक अंबरच्या नावाने ओळखला जातो, आणि तोफा तर कितीतरी नंतरच्या. ही सगळी भर पडल्यानंतरही 1633 मध्ये महाबतखानाने सुरुंग लावून एकामागून एक तट फोडले आणि काही महिन्यांच्या वेढ्यानंतर, आत उपासमार सुरू झाल्यावर, किल्ला मुघलांच्या हाती आला. कडा कितीही ताशीव असला, तरी आत दाणा नसेल तर त्याचा उपयोग नाही.

मग 1296 मध्ये खरे काय घडले? अलाउद्दीनने भिलशाच्या (आजच्या विदिशाच्या) स्वारीतच देवगिरीच्या संपत्तीची खबर मिळवली होती. ही मोहीम त्याने दिल्लीत बसलेला आपला चुलता आणि सासरा सुलतान जलालुद्दीन याच्यापासूनही लपवली. वाटेत मात्र आपण चुलत्यावर रुसून राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीला चाललो आहोत, अशी आवई उठवली. इकडे यादवांची मोठी फौज युवराज शंकरदेवाबरोबर राजधानीबाहेर होती. लासूरा घाटाशी यादवांच्या कान्हा नावाच्या सरदाराने अलाउद्दीनला अडवले, आणि त्या लढाईत दोन स्त्रिया वाघिणींसारख्या लढल्या, असे चौदाव्या शतकातला इतिहासकार इसामी लिहितो. त्या दोघींना आपण साफ विसरलो आणि एका काल्पनिक फितुराला घरोघरी पोहोचवले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शहर हाती येताच अलाउद्दीनने हूल उठवली की ही केवळ आघाडी आहे, 20,000 स्वारांनिशी सुलतान मागून येतो आहे. यादवांचा राजा रामदेवराव याने तह पत्करला. तेवढ्यात शंकरदेव परतला आणि बापाचा निरोप न मानता तुटून पडला. हल्ला इतका जोराचा होता की अलाउद्दीनची फळी मोडू लागली. किल्ल्यावर नजर ठेवण्यासाठी मागे ठेवलेला नुसरतखान तेव्हा आपले हजारभर स्वार घेऊन धावला. क्षितिजावर धुळीचा लोट उठला, आणि हीच ती दिल्लीची फौज, असे वाटून यादवांचे सैन्य पांगले. उन्हाळ्याच्या तोंडी आपल्या काळ्या रानात हजार घोडी उधळली तर किती धूळ उठेल, याचा अंदाज इथल्या शेतकऱ्याला आहे. त्या धुळीत किती स्वार आहेत हे सांगणारा एक हेर यादवांकडे असता, तर लढाई कदाचित फिरली असती.

राहिले ‘एका रात्रीत साम्राज्य बुडाले’ हे विधान. बीड जिल्ह्यातल्या पुरुषोत्तमपुरी इथे सापडलेला रामचंद्रदेवाचा, म्हणजेच रामदेवरावाचा, ताम्रपट 1310 चा आहे, म्हणजे पराभवानंतर 14 वर्षांनीही तो आपल्या मुलखात दाने देत होता. दिल्लीला द्यायची खंडणी थकल्यावर अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर चालून आला, पुढे शंकरदेव मारला गेला, आणि 1318 मध्ये रामदेवरावाचा जावई हरपालदेव याच्या अंतानंतर यादवसत्ता संपली. या घसरणीला 22 वर्षे लागली.

या 22 वर्षांतली एक गोष्ट मला मिठाहून अधिक खारट वाटते. यादव आणि कर्नाटकातले होयसळ यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. 1276 मध्ये रामदेवरावाचा सेनापती साळुव टिक्कम थेट द्वारसमुद्र या होयसळांच्या राजधानीवर चालून गेला होता. 1311 मध्ये काफूर त्याच द्वारसमुद्राकडे निघाला, तेव्हा त्याच्या सैन्याला रसद पुरवली ती देवगिरीने, आणि पुढच्या वाटेची सोय लावून दिली तीही रामदेवरावाच्याच माणसाने. त्या वेळी होयसळ राजा तिसरा बल्लाळ तमिळ मुलखातल्या पांड्य राजांच्या भाऊबंदकीत हात मारण्यासाठी फौज घेऊन दक्षिणेत गेला होता, आणि त्याचीही राजधानी मोकळी पडली होती.