चाकाच्या एका दात्यासाठी अर्धा डॅशबोर्ड उघडायचा?

टक् टक् टक् टक्. गाडी चालू केली की डॅशबोर्डच्या आतून हेच. दहा-पंधरा सेकंदांनी थांबतं, एसी-हीटरच्या तापमानाचा नॉब जरा फिरवला की पुन्हा सुरू. माझ्या अंगावर गार वारा आणि शेजारच्या सीटवरचा माणूस घामाघूम! तीन आठवडे ऐकून डोकं उठलं, शेवटी परवा स्वतःच पाने घेऊन बसलो.

गॅरेजवाल्याने काहीही न उघडता सांगून टाकलं होतं, "हीटरचं पूर्ण युनिट बदलावं लागेल." अहो, आधी बघा तरी! कूलंट पुरेसं आहे, हीटर कोरच्या, म्हणजे गरम कूलंटवर हवा तापवणाऱ्या छोट्या रेडिएटरच्या, दोन्ही नळ्या सारख्याच तापतात, एका बाजूला कडक गरम हवा येते. म्हणजे हीटर ठणठणीत आहे. गरम आणि गार हवा किती मिसळायची ते ब्लेंड डोअर नावाची झडप ठरवते, माझ्या गाडीत दोन बाजूंना दोन. ती झडप फिरवायला मुठीत मावेल एवढी मोटर असते, अ‍ॅक्चुएटर. तिच्या आतली दातेरी चाकं प्लास्टिकची. एक दाता तुटला की मोटर तिथल्या तिथे घसरत राहते. तोच हा आवाज.

आणि ही मोटर बसवलीय कुठे? पेडलच्या वर, लोखंडी पट्टीच्या मागे. बॅटरीची वायर काढून थोडा वेळ थांबलो, कारण तिथूनच एअरबॅगच्या पिवळ्या वायरी जातात. मग पाठीवर झोपून डोकं पेडलखाली घातलं. तीन स्क्रू. दोन दिसतात. तिसरा वरच्या अंगाला, पाठमोरा, नुसत्या बोटांनी चाचपडत काढायचा. रॅचेटचा पाना एका वेळी एक टिचकी फिरतो, पुढे जागाच नाही! पाऊण तास त्या एका स्क्रूपायी गेला, मनगट सोलून निघालं. ज्याने हे डिझाइन केलं त्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने हा स्क्रू काढून बघितला असेल का?

मोटर उघडली. तुटलेला दाता तांदळाच्या दाण्याएवढा. ते चाक सुटं मिळत नाही. अख्खी मोटरच घ्या! जुन्या गाड्यांत कळ सरकवली की केबल झडप ओढायची, अडकली तर दोन थेंब तेल टाकून काम व्हायचं.

बरं, घेतली नवी मोटर, बसवली. तर झडप भलत्याच जागी! कारण कंट्रोल युनिटला नव्याने कॅलिब्रेशन लागतं, म्हणजे झडपेची दोन्ही टोकं कुठे आहेत ते त्याला पुन्हा शिकवावं लागतं. काही गाड्या चावी ऑन ठेवली की आपोआप करतात, माझीला स्कॅनर हवा, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र. हे माहितीपुस्तकात एका ओळीने लिहायला काय जात होतं? मित्राकडून स्कॅनर आणला, पाच मिनिटांत झडप जागेवर आली, आवाज बंद.

मोटर दोनच स्क्रूंवर घट्ट बसलीय. तिसरा मी परत लावलेला नाही, लावणारही नाही.