खुलासा: दोन क्लस्टर जोडायला एकच नेटवर्क लागत नाही

कुबरनेटीस म्हणजे अनेक मशिनांच्या गटावर (क्लस्टर) ॲप चालवणारी यंत्रणा; त्यात ॲपचा एकेक चालता भाग म्हणजे पॉड, आणि या भागांमधली बोलणी सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे इस्टिओ. सांगली-मिरजेकडच्या डेव्हलपर मंडळींत एक मेसेज फिरतोय: 'इस्टिओत दोन कुबरनेटीस क्लस्टर जोडायचे तर पॉडचे आयपी एकमेकांना थेट दिसलेच पाहिजेत, नाहीतर व्हीपीएन घ्या.' हे खरं नाही. नेटवर्क वेगळी असली की मध्ये ईस्ट-वेस्ट गेटवे, म्हणजे क्लस्टरा-क्लस्टरांतल्या ये-जेचं दार, बसवतात. समजा 'बिलिंग' ही सेवा पलीकडच्या क्लस्टरात आहे. कॉल तिथल्या गेटवेच्या १५४४३ पोर्टवर जातो आणि गेटवे टीएलएस (कॉलचं गुप्त वेष्टण) न उघडता, नुसता एसएनआय (त्यावर उघड लिहिलेलं मुक्कामाचं नाव) वाचून तो पुढे धाडतो. दोन्हीकडे पॉडची आयपी रेंज सारखी असली तरी चालतं.

अडतं ते भलतीकडेच. दोन्ही क्लस्टरांनी आपापलं स्वतंत्र रूट सर्टिफिकेट (ज्यावरून बाकीची ओळखपत्रं खरी मानली जातात ते मूळ प्रमाणपत्र) बनवलं की हँडशेक, म्हणजे जोडणीआधीची ओळख-पडताळणी, फसतो, आणि खापर फुटतं बिचाऱ्या नेटवर्कवाल्यांवर! शिवाय कंट्रोल प्लेनला (इस्टिओच्या सूत्रं हलवणाऱ्या भागाला) पलीकडचा एपीआय सर्व्हर, म्हणजे त्या क्लस्टरची माहिती देणारा सर्व्हर, गाठता आला पाहिजे. एरवी तिथले एंडपॉइंट (सेवांचे पत्ते) त्याला कळणार कसे?