सांगायचं कशाला, कावळा आहे ना!

सर्वप्रथम अभिनंदन! अवयवदानाचा निर्णय घेतलात. सोसायटीच्या गणपतीत कुणीतरी टेबल टाकून बसलं होतं, शेजारच्या टेबलावर रक्तदाब फुकट तपासून मिळत होता, म्हणून तुम्ही थांबलात, आणि उठलात तेव्हा खिशात डोनर कार्ड होतं. किंवा 3 ऑगस्टला मोबाइलवर आधार क्रमांक टाकलात, ओटीपी आला आणि चहा निवायच्या आत प्रमाणपत्र हजर झालं. (1994 साली याच तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण झालं, म्हणून हा आता अवयवदान दिवस.) कसंही असो, काम फत्ते. आता एकच गोष्ट सांभाळायची. घरी कळता कामा नये.

हे बहुतेकांना उपजतच जमतं. तरीही चांगली चांगली माणसं बेसावध क्षणी बोलून जातात आणि मग त्यांच्या इच्छेप्रमाणे सगळं घडून बसतं. तसं होऊ नये म्हणून हा प्रपंच.

कार्डासाठी पाकिटाइतकी सुरक्षित जागा नाही. अक्षरं उडालेली पेट्रोलची पावती, गजानन महाराजांचा फोटो आणि बुडालेल्या पतसंस्थेचं ओळखपत्र यांच्या मागे ते सरकवा. ज्या दिवशी त्याची गरज पडेल, त्या दिवशी पाकीट, घड्याळ, अंगठी आणि किल्ल्या असा ऐवज प्लास्टिकच्या पिशवीत घालून, सही घेऊन तुमच्या मेव्हण्याकडे सोपवला जाईल. मेव्हणा पैसे दोनदा मोजेल, कारण उद्या कुणी काही बोलायला नको. कार्डापर्यंत तो पोचणार नाही.

प्रमाणपत्र मात्र बिनधास्त स्टेटसला ठेवा. ऑफिसातली माणसं हात जोडतील, शाळेच्या ग्रुपवरचा एखादा 'आधुनिक दधीची' म्हणेल. बायकोची भीती नको. ती तुमचं स्टेटस बघत नाही, तिला तुम्ही रोज प्रत्यक्ष दिसता. फॅमिली ग्रुपवर मात्र चुकूनही टाकू नका. तिथे आत्या आहे. ती थेट फोन करून विचारेल, "रिपोर्ट कसले आलेत रे?"

कुणी शहाणा म्हणेल, कायदा आहे की! आहे ना. अवयव प्रत्यारोपणाचा 1994 चा कायदा आहे, 2011 ची दुरुस्ती आहे, 2014 चे नियम आहेत. त्या नियमांतला नमुना 7, म्हणजे दान करायच्या इच्छेचा फॉर्म, तुम्ही भरता. नमुना 8, म्हणजे घरच्यांच्या संमतीचा फॉर्म, मात्र अतिदक्षता विभागाबाहेर तुमच्या बायकोपुढे नाहीतर मुलापुढे ठेवतात. सातवर सही करताना तुमच्या हातात मोदक होता. आठवर सही करायची वेळ येते तेव्हा समोरच्याच्या हातात धड पेन राहत नाही. आणि तुमच्या सातला कितीही सोनेरी किनार असली, तरी आठवर सही झाल्याशिवाय प्रत्यक्षात कुणी डॉक्टर पुढे पाऊल टाकत नाही. पुण्यातल्या वाड्यांची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच कळेल: यकृताचे मालक तुम्ही, ताबा घरच्यांचा. सातच्या तळाशी तशी टीपही छापलेली आहे, की अवयवदान हा कुटुंबाचा निर्णय असतो, तेव्हा घरच्यांशी बोला. पण ती तळाशी आहे. तळाचं वाचायची आपल्याला कुठे सवय?

तरी समजा तुम्हाला राहवलंच नाही, जीभ वळवळायला लागली, तर वेळ तरी नीट निवडा. दिवाळीचा पाडवा उत्तम. बायको ओवाळायला ताट घेऊन आली की म्हणा, "अगं, मी गेल्यावर माझी मूत्रपिंडं..." पुढचं बोलावं लागणार नाही. "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणून विषय मिटेल, वर शेजारणीला ऐकवलं जाईल की हल्ली ह्यांचं काही खरं नाही.

गंमत अशी की याच घरात विमा एजंट येतो, पोहे खातो, दोन तास 'तुमच्या पश्चात' या एकाच विषयावर बोलतो, आणि त्याला कुणी नाऱ्या म्हणत नाही. तुमच्या मरणाची रक्कम, हप्ता, नॉमिनी, सगळं कॅल्क्युलेटरवर आकडेमोड करून ठरतं. बायको स्वतः आतून चष्मा आणून देते. तेव्हा मरणाचा विषय अशुभ असतो असंही नाही. सोबत चेक हवा, एवढंच.

बोलायचं टाळता येत नसेल तर गोंधळ घालून ठेवा. अवयवदान, नेत्रदान आणि देहदान हे तिन्ही शब्द आलटूनपालटून वापरा. देहदानात अख्खा देह वैद्यकीय महाविद्यालयाला जातो, घरच्यांना अग्नी द्यायला मिळत नाही. अवयवदानात कुठल्याही ऑपरेशननंतर घालतात तसे टाके घालून देह घरच्यांना परत देतात आणि अंत्यविधी जसा व्हायचा तसा होतो. वर, डोळे सोडून इतर अवयव काढलेला देह महाविद्यालयं सहसा घेतच नाहीत. म्हणजे दोन्हीचा नवस एकदम बोलण्यात फारसा अर्थ नाही. पण हे स्पष्ट करून सांगितलंत तर बायको कदाचित म्हणेल, "एवढंच होय? मग माझाही फॉर्म भरा." मग करा काय करायचं ते. नेत्रदान तर त्याहून धोकादायक, कारण ते घरच्या साध्या मरणातही जमतं. पापण्या मिटायच्या, डोळ्यांवर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी घ्यायची आणि सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे लोक यायला हवेत. एवढ्यासाठी घरातल्या कुणीतरी एकानेच फोन करायचा असतो. म्हणून तर तो एक जण तयार होऊ द्यायचा नाही.

आता मुख्य प्रसंग. देव न करो, पण दुचाकी घसरली, हेल्मेट हँडलला लटकवलेलं होतं. किंवा बसल्या जागी मेंदूत रक्तस्राव झाला.

ब्रेन डेड म्हणजे काय हे घरात आधी कधी बोललेलं नाही ना? छान. ते पहाटे तीन वाजता, अतिदक्षता विभागाबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, त्यांना पहिल्यांदा कळू द्या. काचेतून दिसतंय की छाती वरखाली होतेय. मॉनिटरवर रेघ पळतेय. हात धरला तर ऊन लागतोय. आणि डॉक्टर म्हणतात, गेले. श्वास व्हेंटिलेटरचा आहे. मेंदूचा श्वास चालवणारा तळचा भाग कायमचा थांबलाय. कोमातला माणूस परत येऊ शकतो, यातून कुणी येत नाही. चार डॉक्टर मिळून तपासतात, किमान सहा तासांनी पुन्हा पहिल्यापासून तपासतात, व्हेंटिलेटर काही वेळ बाजूला करून माणूस आपणहून श्वास घेतोय का ते बघतात, आणि त्या चौघांत प्रत्यारोपण करणारा कुणी चालत नाही. इतकी तपासणी आपण साठ लाखांचा फ्लॅट घेताना करत नाही. पण हे सगळं, ज्या बाईने तुमचा डबा भरून आठ तासही झालेले नाहीत, तिने त्या खुर्चीवर बसून पाच मिनिटांत समजून घ्यायचं असतं.

तोवर कराडचे काका फोनवर आलेले असतात. काकांच्या ओळखीतला एक जण बावीस दिवसांनी उठून बसला होता आणि म्हणाला होता, चहा टाका. अशी माणसं नेहमी कुणाच्या तरी ओळखीतलीच असतात, प्रत्यक्ष कुणाला भेटत नाहीत. काकांना आणखी एक ठाऊक आहे, "यात त्यांचं काहीतरी असतं." अवयवांचा व्यवहार केला तर पाच ते दहा वर्षं तुरुंग आणि 20 लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड, असं कायदा म्हणतो. पण कायदा कराडला पोचलेला नसतो, काका पोचलेले असतात. शिवाय देहाची चिरफाड नको असा त्यांचा आग्रह आहे. अपघाताची केस म्हणजे शवविच्छेदन होणारच, हे त्या वेळी त्यांना सांगायचं कुणी?

आणि मग रुग्णालयाच्या अवयवदान समन्वयक बाई येतात. हळू बोलतात, शेजारी बसतात, पाणी देतात. विचारतात ते एवढंच, "त्यांनी याबद्दल कधी काही बोलून दाखवलं होतं का?"

बघा, इथे तुमच्या मौनाचं चीज होतं. बायको सत्तावीस वर्षं धुंडाळते. आमटीत मीठ कमी आहे, हे बोलून दाखवलं होतं. शेजारच्या जोश्यांची गाडी आपल्या जागेत लागते, हे तर रोज. आपल्या माघारी कुणी रडायचं नाही, असं एकदा कोजागरीला म्हणाले होते, पण तेव्हा त्यांना जरा जास्त झाली होती. हे काही बोलले नव्हते. मग ती, कुठलंही मायेचं माणूस म्हणेल तेच म्हणते, "नको. त्यांचे आणखी हाल नकोत. आणि मुलगा येऊ दे."

मुलगा विमानात आहे, अटलांटिकवर कुठेतरी. त्याचा फोन बंद आहे. ब्रेन डेड माणसाचं हृदय औषधांच्या जोरावर थोडा वेळ तगतं, विमानाची वाट बघत बसत नाही. आणि होकार आला असता तरी हृदय काढल्यापासून दुसऱ्याच्या छातीत चालू होईपर्यंत हातात असतात चार ते सहा तास. म्हणून तर रस्ता मोकळा करून अवयव नेण्याच्या, त्या ग्रीन कॉरिडॉरच्या बातम्या येतात, ज्या तुम्ही इतक्या कौतुकाने पुढे पाठवत होता.

तुम्ही एकटे आहात असं मात्र समजू नका. मृत्यूनंतर अवयव देणाऱ्यांचं प्रमाण आपल्या देशात दहा लाख लोकांमागे एकाहूनही कमी आहे, इतक्या मनापासून आपण सगळे गप्प आहोत. पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय केंद्रांत प्रतीक्षायादी आहे, तिच्यावरची माणसं आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जातात आणि रात्री फोन उशाशी घेऊन झोपतात. बाकीचा कारभार जिवंत दात्यांवर चालतो. त्यात देणाऱ्या जास्त करून बायका आणि घेणारे जास्त करून पुरुष. म्हणजे हा विषय घरात अगदीच निघत नाही असं नाही. नवऱ्याला मूत्रपिंड हवं असलं की निघतो.

असो. तुमचं सगळं यथासांग होतं. हृदय, दोन फुप्फुसं, यकृत, स्वादुपिंड, दोन मूत्रपिंडं आणि दोन्ही डोळे, काहीही कमी-जास्त न होता, पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीतल्या विद्युतदाहिनीत जातात.

दहाव्या दिवशी सगळे ओंकारेश्वरावर. पिंड मांडलेले. कावळे समोरच्या भिंतीवर ओळीने बसलेत, एकही खाली उतरत नाही. गुरुजी घड्याळ बघतात. "काहीतरी इच्छा राहिलीय हो त्यांची," आत्या म्हणते.

आणि मग ती सगळी माणसं, ज्यांना तुम्ही जिवंतपणी एक वाक्य सांगितलं नाहीत, ती कावळ्याला विचारायला लागतात. मुलगा हात जोडून म्हणतो, आईला मी सांभाळीन. कावळा ढिम्म. बायको म्हणते, धाकटीचं लग्न तुम्ही ठरवल्यासारखंच करू. नाही. मेव्हणा पिंडाशेजारी बाकरवडी ठेवून बघतो. काका फ्लॅटच्या कागदपत्रांबद्दल काहीतरी मोघम आश्वासन देतात. पंधरा मिनिटं जातात, वीस जातात. जोश्यांची गाडी यापुढे आपल्या जागेत लागणार नाही, हेही सांगून होतं. कावळा मान वाकडी करून बघतो आणि पलीकडच्यांच्या पिंडाकडे उडून जातो.

शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करतात आणि शिवून टाकतात.

"चला, शिवला एकदाचा," आत्या डोळे पुसते. "मनासारखं झालं हो सगळं त्याच्या."

पाकीट मेव्हण्याने त्याच दिवशी बायकोकडे दिलं होतं. पैसे बरोबर भरले. बाकीचं चाळायला तिला धीर झाला नाही, म्हणून तिने ते तसंच कपाटात ठेवून दिलंय, तुमच्या इस्त्रीच्या शर्टांखाली.