ग्राफिक डिझाइन आणि कम्युनिटी कॉलेज: त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या महिनाभरात तोच मेसेज मला चार जणांनी पाठवला. कॅलिफोर्नियात बे एरियातल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर तो फिरतोय. कॉलेजच्या अर्जांचे दिवस आले की दरवर्षी थोडा बदलून फिरतोच. कम्युनिटी कॉलेज म्हणजे इथलं दोन वर्षांचं, कमी फीचं सरकारी कॉलेज. तिथे केलेल्या कोर्सची क्रेडिट घेऊन पुढे विद्यापीठात ट्रान्सफर होता येतं, आणि विद्यापीठाने जी क्रेडिट धरली नाहीत ती बुडाली. मेसेजचं सार असं: "मुलांना ग्राफिक डिझाइन करायचं असेल तर कम्युनिटी कॉलेजात घालू नका. ट्रान्सफर घेताना ४३ टक्के क्रेडिट बुडतात, सरकारी अहवालच आहे. तिथे पार्ट-टाइम शिक्षक असतात, त्यामुळे पोर्टफोलिओ कच्चा राहतो. वर्ष जास्त लागतं, म्हणजे वाचवलेले पैसे तिथेच जातात. शिवाय डिग्रीवर शिक्का बसतो तो बसतोच. त्यापेक्षा कर्ज काढा, पण थेट खासगी आर्ट कॉलेजात पाठवा."

मी याच वाटेने गेले. साउथ बेमधल्या एका कम्युनिटी कॉलेजातून राज्य विद्यापीठाच्या डिझाइन विभागात गेले. अडीच वर्षं कॉलेजात, तीन वर्षं विद्यापीठात. आज पॅकेजिंगचं काम करते आणि काही शनिवारी आपल्याकडच्या मुलांचे पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचे संच, बघून देते. हा मेसेज वाचून एका घरात मुलीला "मग कॉम्प्युटर सायन्सच घे" असं सांगून टाकलं, तेव्हा मात्र लिहायचंच ठरवलं.

"४३ टक्के क्रेडिट बुडतात." आकडा खरा आहे. गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस, म्हणजे अमेरिकी काँग्रेससाठी सरकारी कारभाराचा हिशेब तपासणारी संस्था, तिच्या २०१७ च्या अहवालात तो आहे. पण तो २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या देशभरातल्या सगळ्या विद्यार्थ्यांची सरासरी आहे. कुठूनही कुठेही गेलेले सगळे त्यात आले. त्याच अहवालात सार्वजनिक कॉलेजातून सार्वजनिक कॉलेजात गेलेल्यांचं नुकसान ३७ टक्के दिलं आहे. हेही कमी नाही, आणि ते कमी आहे असं मी म्हणणार नाही. पण नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी कॉलेजातून सार्वजनिक कॉलेजात आलेल्यांची किती क्रेडिट बुडाली? ९४ टक्के. मेसेज लिहिणाऱ्याने हा आकडा सोडून दिला. डिझाइनच्या बाबतीत तर तोच आधी वाचायला हवा, कारण डिझाइन शिकवणारी नफेखोर कॉलेजं या देशात खूप होती. 'द आर्ट इन्स्टिट्यूट्स' ही मोठी साखळी सप्टेंबर २०२३ मध्ये कायमची बंद झाली आणि तिथली मुलं अर्ध्यावर राहिली. सगळी खासगी आर्ट कॉलेजं तशी नसतात, हे उघड आहे. पण "कर्ज काढा आणि खासगीत घाला" हा सल्ला देताना कॉलेज नफ्याचं आहे की नाही, एवढंही न सांगणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

आता कॅलिफोर्नियाचं बघू. इथे ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि त्यांच्यातून विद्यापीठात जाणं ही आडवाट नाही. १९६० च्या मास्टर प्लॅनपासून राज्याची उच्चशिक्षणाची घडीच तशी बसवली आहे. २०१० च्या कायद्याने ट्रान्सफरसाठीची खास असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची, डिग्री आली. ती ६० युनिटांची (क्रेडिटलाच इथे युनिट म्हणतात). ती घेतली की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत जागेची हमी मिळते. मात्र ही हमी 'कुठल्यातरी कॅम्पसमध्ये' अशी आहे. तुम्हाला हवा तोच कॅम्पस, हवा तोच विभाग, अशी नाही. घरोघरी गैरसमज होतो तो इथे.

दुसरा गैरसमज याहून महाग पडतो. युनिट 'ट्रान्सफरेबल' असणं आणि ते तुमच्या विषयात धरलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला माझ्या कॉलेजातल्या काउन्सेलरने सांगितलं होतं, कॉम्प्युटर ग्राफिक्सचे कुठलेही दोन कोर्स घे, चालतील. घेतले, दोन्हीत 'ए' मिळवला. नंतर असिस्टच्या साइटवर, म्हणजे कुठल्या कॉलेजातला कोर्स कुठल्या विद्यापीठात धरतात ते दाखवणाऱ्या राज्याच्या साइटवर, माझं कॉलेज आणि मला हवं असलेलं विद्यापीठ निवडून तो तक्ता उघडला. डावीकडे विद्यापीठाचा कोर्स असतो, उजवीकडे आपल्या कॉलेजातला त्याच्या बदली चालणारा. मला हव्या असलेल्या ओळीसमोर माझे दोन्ही कोर्स नव्हतेच, दुसऱ्याच एका कोर्सचं नाव होतं. त्याच्या खालच्या ओळीत तर 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड', म्हणजे माझ्या कॉलेजात बदली कोर्सच नाही. माझे दोन 'ए' ऐच्छिक विषय म्हणून जमा झाले आणि एक सत्र गेलं. विद्यापीठाच्या हिशेबात माझं एकही युनिट बुडालं नव्हतं, सगळी ट्रान्सफर झाली होती. तरी माझे सहा महिने गेले. टक्केवारीच्या आकड्यात हे दिसणारच नाही.

म्हणून तो तक्ता पहिल्या सत्राच्या आधी काढायचा, शेवटच्या नव्हे. एका विद्यापीठाचा नको, तीन-चार तरी काढा, कारण प्रत्येक विभागाची ओळ वेगळी. हे काम फुकट आहे, घरी बसून होतं, आणि माझ्यासमोर आलेल्या बहुतेक मुलांनी ते केलेलं नसतं.

"वर्ष जास्त लागतं." हे मात्र मेसेजमध्ये बरंचसं खरं आहे, फक्त त्याचं कारण क्रेडिट बुडणं हे नाही. 'दोन अधिक दोन, चार वर्षांत डिग्री' हे कम्युनिटी कॉलेजवाले ज्या सहजपणे सांगतात, ते डिझाइनला तसंच्या तसं लागू पडत नाही. इंग्रजी, इतिहास, गणित हे विषय सुटे असतात, आधी-नंतर कधीही करता येतात. स्टुडिओची, म्हणजे डिझाइनचं प्रत्यक्ष काम करायच्या वर्गांची, मात्र साखळी असते. टायपोग्राफी (अक्षरांची रचना आणि मांडणी) एक झाल्याशिवाय दोन मिळत नाही, दोनशिवाय तीन नाही, आणि एकेक कडी म्हणजे एकेक सत्र. त्यात बऱ्याच विभागांत साखळीच्या मध्येच एक दार असतं, पोर्टफोलिओ रिव्ह्यूचं. विद्यापीठात प्रवेश मिळाला तरी ते दार उघडेपर्यंत पुढचे वर्ग मिळत नाहीत. समजा ६० युनिटं घेऊन तुम्ही तिसऱ्या वर्षात आलात आणि तुमच्याकडे टायपोग्राफी एकच झालेली आहे. कागदावर तुम्ही 'ज्युनियर', म्हणजे तिसऱ्या वर्षाचे, स्टुडिओत दुसऱ्या वर्षाचे.

आपल्याला हे नवीन वाटायला नको. महाराष्ट्रात दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून मुलं थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जातात. पुढे तीन वर्षं लागतात. त्याला कुणी "डिप्लोमा वाया गेला" म्हणत नाही. उलट वर्कशॉपमध्ये हात बसलेला असतो म्हणून त्याच मुलाभोवती बाकीचे गोळा होतात. इथेही तसंच धरून चला: चांगली साखळी हातात असेल तर दोन वर्षं, अर्धी असेल तर तीन. युनिटं कितीही असोत, त्यावरून हे कळत नाही. स्टुडिओच्या किती कड्या झाल्या ते बघावं लागतं.

आणखी एक अडतं ते गणित. कॅलिफोर्निया स्टेटला ट्रान्सफर होण्याआधी चार विषय पूर्ण लागतात, ज्यांना सगळे 'गोल्डन फोर' म्हणतात: भाषण, लेखन, तर्कशुद्ध विचार आणि गणित किंवा संख्याशास्त्र. चित्रकलेची मुलं गणित शेवटपर्यंत ढकलतात. ढकलू नका, एवढंच.

"पार्ट-टाइम शिक्षक, म्हणून पोर्टफोलिओ कच्चा." इथे मला थांबून बोलायचंय, कारण माझ्या शिक्षकांचा हा अपमान आहे.

पार्ट-टाइम शिक्षक खूप असतात, खरंय. एका कॉलेजात सकाळी, दुसऱ्यात संध्याकाळी, मधले तास गाडीत, अशी त्यांची धावपळ असते. पगार तुटपुंजा, बसायला खोली नाही. ही त्यांची पिळवणूक आहे आणि तिच्याबद्दल बोलायलाच हवं. पण त्यावरून शिकवणं कच्चं असं कसं ठरतं? मला टायपोग्राफी शिकवणारे सर दिवसभर दुकानांच्या पाट्यांचं आणि इमारतींच्या साइनेजचं काम करायचे आणि संध्याकाळी सहाला हाताला रंग लागलेला असतानाच वर्गात यायचे. त्यांनी पहिलं काम दिलं ते एकच अक्षर हाताने, दीड फूट उंच, काळ्या गोआश रंगात. सॉफ्टवेअर बंद. मी 'ळ' निवडला. दोन्ही पोटांतली जागा पट्टीने मोजून सारखी ठेवली होती, तरी अक्षर एका बाजूला कललेलं दिसत होतं आणि का ते मला कळत नव्हतं. सरांना देवनागरीचा गंध नव्हता. त्यांनी कागद भिंतीवरून काढला, उलटा केला, परत टाचण्या मारल्या आणि म्हणाले, "आता अक्षर वाचू नकोस. मधली पांढरी जागा बघ." उलट्या 'ळ'मध्ये एक पोट दुसऱ्यापेक्षा घट्ट झालेलं लख्ख दिसलं. मी ते अक्षर अकरा वेळा काढलं. अकराही कागद जपून ठेवले.

माझा पहिला पोर्टफोलिओ रिव्ह्यू नापास झाला होता. त्यात मंडळाच्या गणेशोत्सवाची पोस्टर्स होती, दिवाळी पहाटेची पत्रिका होती, सगळं चकचकीत, सगळं फोटोशॉपमधलं. तयार वस्तू दिसत होत्या, विचार कुठेच दिसत नव्हता. दुसऱ्या वेळी मी दहाच कामं नेली आणि त्यात ते 'ळ'चे अकरा कागद क्रमाने लावले. समोर तीन प्राध्यापक होते. देवनागरी एकालाही वाचता येत नव्हती. त्या पानावर तिघंही रेंगाळले. एका बाईंनी विचारलं, "वरची आडवी रेघ प्रत्येक कागदावर बारीक का होत गेली?" मी शिरोरेषेबद्दल बोलले: ती शेजारच्या अक्षराला जोडते, एकटं अक्षर असलं की तिचं वजन जास्त वाटतं, म्हणून खालच्या वळणांशी जुळवत नेली. प्रवेश मिळाला. ते कागद कम्युनिटी कॉलेजातले होते, पार्ट-टाइम शिक्षकाच्या वर्गातले.

पोर्टफोलिओ कच्चा राहतो तो फक्त सॉफ्टवेअरचे कोर्स गोळा केल्याने. विद्यापीठात थेट गेलेल्या मुलांचाही राहतो. ड्रॉइंग, टू-डी डिझाइन, रंग, टायपोग्राफी हे पायाचे वर्ग घ्या. लाइफ ड्रॉइंगला जा. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिलेल्या मुलांना वाटतं की हे झालंय. ते झालेलं नसतं, कारण इथे भिंतीवर काम लावून वीस जणांसमोर त्यावर बोलावं लागतं, आणि ती सवय वर्गाशिवाय लागत नाही.

"वाचलेले पैसे तिथेच जातात." हिशेब करू. राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजची फी युनिटमागे ४६ डॉलर, २०१२ पासून तीच. ६० युनिटांचे २,७६० डॉलर. पहिल्यांदाच पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्यांना बऱ्याच कॉलेजांत दोन वर्षं तीही माफ होते. कॅलिफोर्निया स्टेटची २०२५-२६ ची वर्षाची ट्यूशन ६,४५० डॉलर. तीच धरून थेट चार वर्षं केली तर २५,८०० होतात. कम्युनिटी कॉलेज आणि पुढे दोन वर्षं म्हणजे १५,६६०. पुढे तीन वर्षं लागली तरी २२,११०. म्हणजे जास्तीचं वर्ष धरूनही ट्यूशनमध्ये ३,६९० डॉलर वाचतात. कॅम्पसची फी आणि राहणं यात नाही. मूल घर सोडून राहणार असेल तर त्या जास्तीच्या वर्षाचं भाडं ही बचत खाऊन टाकेल, तिथे मेसेज बरोबर आहे. घरून जा-ये करणाऱ्याला तो लागू नाही. आणि खासगी आर्ट कॉलेजच्या फीशी तुलना करायची तर हा हिशेब मांडायचीही गरज नाही.

आपल्या घरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्या पालकांच्या आधाराने मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्या मुलांनाही वर्षभराहून जास्त इथे राहिल्याचे पुरावे देऊन रहिवाशांचा दर मिळू शकतो. पण २१ पूर्ण झाली की एच-४ संपतो, आणि एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, गेलं की बाहेरच्यांचा दर लागतो. तो कित्येक पट आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या घरांनी वरच्या हिशेबाआधी मुलाची जन्मतारीख बघावी. अशा मुलाला ते जास्तीचं एक वर्ष खरंच परवडणार नाही, आणि त्याने साखळी पहिल्या दिवसापासून नेमकी धरली पाहिजे.

"डिग्रीवर शिक्का." माझ्या डिग्रीवर विद्यापीठाचं नाव आहे, दुसरं कुठलंच नाही. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, ट्रान्सफरची नोंद असते, ती आजवर कुणी मागितली नाही. पोर्टफोलिओची लिंक मात्र दर वेळी मागितली. आणि ज्यांना असल्या कॉलेजची लाज वाटते त्यांच्यासाठी: प्रसिद्ध अमेरिकी डिझायनर रे ईम्स यांचं हायस्कूलनंतरचं पहिलं सत्र सॅक्रामेंटो ज्युनियर कॉलेजात झालं. याच रे आणि त्यांचे पती चार्ल्स ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला अहवाल दिला आणि त्यातून अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, उभी राहिली.

मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी एका काकूंचा मुलगा गेल्या शनिवारी आला होता. चित्रं सुरेख काढतो. असिस्टचा तक्ता आम्ही बसून काढला, चार विद्यापीठांचे चार. त्याला पुढच्या सत्रात टायपोग्राफी एक हवीय आणि वर्ग भरलाय, म्हणून तो हताश होता. ज्यांची मुलं आज इथे अडली आहेत त्यांनाही तेच सांगते जे त्याला सांगितलं: वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा, कागद-पेन्सिल घेऊन. पहिल्या आठवड्यात मुलं गळतात आणि शिक्षक उरलेल्या जागांचे ॲड कोड, म्हणजे वर्गात नाव घालायचे क्रमांक, वाटतात. 'ळ' काढला तो वर्ग मला असाच मिळाला होता, दारापाशी उभं राहून, दुसऱ्या तासाला.