नाकाखाली धरलेलं बोट
'डिस्चार्ज मिळाला की आईबापाचा जीव भांड्यात पडतो' हे वेळेआधी जन्मलेल्या बाळांवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही बुवा. आमची लेक ३१व्या आठवड्यात झाली, १ किलो ४०० ग्रॅमची. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, मॉनिटरची पिकपिक नकोशी व्हायची. घरी पहिल्या रात्री तीच नाही म्हणून डोळ्याला डोळा लागला नाही. दर पाच मिनिटांनी मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघत होते.

आणि डोळ्यांच्या तपासणीचं लेखात नावच नाही! ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा ३० दिवसांच्या आत तपासून घ्यायचा असतो. आमच्या फाइलच्या कोपऱ्यात ती तारीख पेनाने नुसती खरडलेली. सासूबाईंना दिसली म्हणून बरं. एरवी त्याच म्हणत होत्या, सव्वा महिना बाळाला उंबरा ओलांडू द्यायचा नाही.