‘लॉगबुक कोण बघतंय?’ म्हणणाऱ्यांसाठी

वैमानिकाचं लायसन्स हातात घेऊन एअरलाइनच्या भरतीची वाट बघणाऱ्या मुलामुलींमध्ये एक मजकूर फिरतोय. थोडक्यात तो असा: लॉगबुकात, म्हणजे वैमानिकाच्या उड्डाणांच्या नोंदवहीत, एअरलाइन फक्त एकूण तास बघते, रकान्यांत डोकं घालू नका. थोडंफार वर-खाली सगळेच करतात. तपासायला कुणाला वेळ नाही. अ‍ॅप आहे ना, ते बघून घेईल. जुन्या वहीत घोळ असेल तर नवी वही आणा आणि सगळं स्वच्छ उतरवून काढा. आणि एकदा नोकरी लागली की कंपनीचं सॉफ्टवेअर हिशोब ठेवतंच.

सहा दावे आहेत. एक-दोन अर्धे खरे आहेत, एक साफ घातक आहे. मजकूर लिहिणाऱ्याने मात्र सगळे एकाच ठसक्यात ठोकून दिलेत, म्हणून एकेक सोडवून बघू.

‘एअरलाइन फक्त एकूण तास बघते.’

एकूण तास बघतात, ते चाळणी लावायला. त्यापुढचं काम रकान्यांवर चालतं. अमेरिकेच्या एटीपी (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट), म्हणजे वैमानिकाच्या सर्वांत वरच्या, लायसन्सचा 1500 तासांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण त्या 1500च्या पोटात 500 तास क्रॉस-कंट्री (म्हणजे दूर जाणाऱ्या उड्डाणांचे), 100 तास रात्रीचे आणि 75 तास इन्स्ट्रुमेंटचे (म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडवलेले) लागतात, हे पुष्कळांच्या ध्यानात उशिरा येतं. युरोपातही 1500च आहेत. त्यात 500 तास मल्टी-पायलट, म्हणजे किमान दोन वैमानिक लागणाऱ्या, विमानावरचे, 200 क्रॉस-कंट्री, 100 रात्रीचे. ज्याचे एकूण 1600 आणि रात्रीचे 94 आहेत, तो सहा तासांसाठी दाराबाहेर उभा आहे. शिवाय अर्जात मल्टी-इंजिनचे तास किती, कमांडचे (म्हणजे विमानाचे प्रमुख म्हणून) किती, गेल्या बारा महिन्यांत किती उडालात, हे वेगवेगळं विचारतात. फक्त एकूण बेरीज जपणं म्हणजे रोजकीर्द न लिहिता थेट ताळेबंद मांडायला बसणं.

आणि रकाने वाटतात तितके सरळ नसतात. अमेरिकन नियमांत कमर्शियल, म्हणजे पैसे घेऊन उडवण्याच्या, लायसन्ससाठी मोजायच्या क्रॉस-कंट्रीला निघाल्या ठिकाणापासून सरळ रेषेत 50 नॉटिकल मैलांपेक्षा दूर जाऊन तिथे उतरावं लागतं. एटीपीसाठी मोजताना तितकं दूर जावं लागतं, उतरणं मात्र सक्तीचं नाही. म्हणजे 60 मैल जाऊन, न उतरता परत आलेलं उड्डाण एका हिशोबात बसतं आणि दुसऱ्यात नाही. वहीत नुसतं ‘लोकल’ लिहून मोकळं झालं की तो तास त्या एका हिशोबातूनही गेला.

रात्रीचंही तसंच. अमेरिकेत रात्रीचे तास लिहायचे ते संध्याकाळचा नागरी संधिप्रकाश (सूर्यास्तानंतर थोडा वेळ टिकणारा उजेड) संपल्यापासून पहाटेचा सुरू होईपर्यंतचे; पण प्रवाशांना रात्री घेऊन जाण्यासाठी 90 दिवसांत जी तीन टेकऑफ-लँडिंग लागतात, ती सूर्यास्तानंतर एक तास ते सूर्योदयाआधी एक तास या वेळेतली असावी लागतात. एकाच संध्याकाळचं उड्डाण रात्रीच्या रकान्यात जाईल आणि त्याचं लँडिंग रात्रीचं म्हणून मोजलं जाणार नाही, असं सर्रास होतं. तुमच्या देशाची व्याख्या वेगळी असेल. ती कुठली आहे, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं.

‘थोडंफार वर-खाली चालतं.’

इथे दोन वेगळ्या गोष्टी एका गाठोड्यात बांधल्यात. बेरजेत हातचा राहिला, तारीख एका दिवसाने चुकली, नोंदणी क्रमांकाचं एक अक्षर उलटसुलट झालं, या माणसाच्या चुका. अशा चुकांनी कुणाचं करिअर संपत नाही. नियमांचं बोट असतं ते जाणूनबुजून केलेल्या खोट्या नोंदीवर. पण ‘थोडंफार’ म्हणणारे या दोहोंतली रेघच पुसायला निघालेत.

एक साधं उड्डाण घ्या. विमान पार्किंगमधून हललं 08:42ला, चाकं जमिनीवरून सुटली 08:55ला, परत टेकली 10:01ला, आणि पार्किंगमध्ये येऊन थांबलं 10:09ला. हवेतला वेळ 1 तास 6 मिनिटं. हललं ते थांबलं, म्हणजे ब्लॉक टाइम, 1 तास 27 मिनिटं. लॉगबुकात लिहायचा वेळ कुठला? आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे इकाओच्या, व्याख्येनुसार टेकऑफच्या हेतूने विमान पहिल्यांदा हललं तिथपासून उड्डाणाअखेर ते पूर्ण थांबेपर्यंतचा. म्हणजे 1:27. जो प्रामाणिकपणाच्या भरात फक्त हवेतला वेळ लिहितो, तो या उड्डाणात 21 मिनिटं फुकट घालवतो. अशी 300 उड्डाणं झाली तर 105 तास गेले. चुकीची नोंद दरवेळी आकडा फुगवतेच असं नाही, स्वतःच्याच खिशाला कात्रीही लावते.

आता हेच 1:27 दशांशात लिहायचं झालं तर 1.45. कुणी 1.4 लिहील, कुणी 1.5. कधी वर, कधी खाली असं सरळ नियमाने केलं तर फरक एकमेकांत जिरतो. पण दरवेळी वरच ढकलायची सवय लागली की उड्डाणामागे सरासरी तीनेक मिनिटं चढतात आणि 400 उड्डाणांत 20 तास हवेतून तयार होतात. जुनी मंडळी असल्या तासांना ‘पार्कर पेनचे तास’ म्हणतात ते उगाच नाही. याहून फसवी गोष्ट म्हणजे तास-मिनिटं आणि दशांश यांची सरमिसळ. दीड तास काही पानांवर 1.30 असा लिहिलाय, काहींवर 1.5 असा, आणि खाली बेरीज एकत्र. 1.30 दशांश धरला तर तो एक तास अठरा मिनिटं होतो. असली वही हातात आली की आकडे दुरुस्त करता येतात, पण मालकाला आपण काय लिहितोय ते ठाऊक नव्हतं, हे लपत नाही.

मीटरचा घोळ वेगळाच. हॉब्ज मीटर, म्हणजे विमानातला तास मोजणारा मीटर, साधारण घड्याळासारखा पळतो. तो इंजिनाच्या ऑइल प्रेशरवर सुरू होतो की मास्टर (विजेच्या मुख्य) स्विचवर, हे त्या विमानात तो कसा जोडलाय त्यावर ठरतं. टॅकोमीटरवरचा (इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या मीटरवरचा) तास मात्र इंजिन ठरावीक वेगाने फिरत असेल तेव्हाच घड्याळाशी जुळतो. टॅक्सी करताना तो रेंगाळतो. तो देखभालीसाठी आहे, तुमच्या अनुभवासाठी नाही. पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून चेकलिस्ट वाचत घालवलेली दहा मिनिटं हॉब्जवर दिसतील, पण विमान हललेलं नव्हतं. म्हणून हलणं, सुटणं, टेकणं आणि थांबणं या चारही वेळा घड्याळ बघून लिहाव्यात आणि मीटर पडताळ्याला ठेवावा, असं माझं मत आहे.

या दाव्याखालचा सगळ्यात नाजूक रकाना आहे कमांडचा, म्हणजे पीआयसीचा (पायलट इन कमांड). अमेरिकेत ज्या विमानाचं रेटिंग, म्हणजे ते उडवायची परवानगी, तुमच्याकडे आहे, त्याचं नियंत्रण एकट्याने तुमच्या हातात असताना तो वेळ तुम्ही पीआयसी म्हणून लिहू शकता, उड्डाणाची कायदेशीर जबाबदारी शेजारी बसलेल्या दुसऱ्या वैमानिकावर असली तरी. यात काहीच गैर नाही. पण अनेक एअरलाइन्सच्या अर्जात पीआयसीची व्याख्या वेगळी दिलेली असते: ज्या उड्डाणाची अंतिम जबाबदारी तुमची होती, तेवढेच तास लिहा. म्हणजे एकाच माणसाचे पीआयसी तास लॉगबुकात 640 आणि अर्जात 410 असू शकतात, आणि दोन्ही आकडे बिनचूक असू शकतात! ज्याने हे दोन प्रकार पहिल्यापासून वेगळे ठेवले, त्याला अर्ज भरायला एक संध्याकाळ पुरते. ज्याने नाही ठेवले, तो अंदाजाने आकडा टाकतो. मुलाखत घेणारा कॅप्टन नेमकं तेच पान उघडून एका ओळीवर बोट ठेवतो: ‘या उड्डाणात तुमच्यासोबत इन्स्ट्रक्टर होते ना? मग कमांडमध्ये कोण होतं?’ अंदाजाने आकडा टाकणाऱ्याची इथे गाळण उडते.

लष्करातून येणाऱ्यांची अडचण निराळी. तिथे बऱ्याचदा टेकऑफ ते लँडिंग एवढाच वेळ लिहिलेला असतो. काही कंपन्या प्रत्येक उड्डाणामागे ठरावीक वाढ धरू देतात, काही अजिबात नाही. ती वाढ लॉगबुकात मिसळायची नसते. अर्जात सांगतील तशी वेगळी दाखवायची. सिम्युलेटरचंही तेच: त्याचा रकाना स्वतंत्र, एकूण उड्डाण-तासांत तो नाही.

‘तपासायला कुणाला वेळ नाही.’

प्रत्येक पान कुणी तपासत नाही, हे खरं. पण उड्डाणाची नोंद एकट्या तुमच्या वहीत नसते. विमानाच्या टेक लॉगमध्ये (विमानाच्या स्वतःच्या नोंदवहीत) ती असते, फ्लाइंग स्कूलच्या रजिस्टरात असते, इंधनाच्या पावतीवर असते. सोबत इन्स्ट्रक्टर असेल तर त्याच्या लॉगबुकात असते. अमेरिकेत 2020च्या 1 जानेवारीपासून बहुतेक गजबजलेल्या हवाई क्षेत्रांत एडीएस-बी आउट सक्तीचं झालं. विमान आपली जागा सतत प्रसारित करतं आणि नोंदणी क्रमांक टाकून त्या दिवशी ते कुठे होतं ते घरबसल्या बघता येतं. शंका आली की दोन-तीन ओळी पडताळायला कितीसा वेळ लागतो? ज्या दिवशी विमान इन्स्पेक्शनसाठी हँगरमध्ये उघडून ठेवलेलं होतं, त्या दिवशी तुम्ही त्यात दोन तास उडालात. जेमतेम पाच तासांचं इंधन मावणाऱ्या विमानात तुमचं सलग सात तासांचं उड्डाण आहे. असल्या नोंदी ओरडून सांगतात.

बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही असा आणखी एक साक्षीदार म्हणजे तुम्ही स्वतः. अमेरिकेत वैद्यकीय तपासणीच्या अर्जात आजवरचे एकूण तास आणि गेल्या सहा महिन्यांतले तास विचारतात. प्रत्येक लायसन्स आणि रेटिंगच्या अर्जातही तासांचा तक्ता भरावा लागतो. म्हणजे तुमचेच, तारीखवार, सही केलेले आकडे सरकारदरबारी पडून आहेत. मार्चमध्ये 310 लिहिलेत, जूनच्या अर्जात 520, आणि वहीत त्या तीन महिन्यांत 90 तास. मधले 120 कुठून आले?

एअरलाइन्स उमेदवाराच्या शब्दावर किती विसंबतात, याचीही एक जुनी गोष्ट आहे. 12 फेब्रुवारी 2009ला कोलगन एअरचं 3407 क्रमांकाचं विमान बफेलोजवळ कोसळलं आणि 50 माणसं गेली. कॅप्टनने आपल्या आधीच्या नापास चाचण्यांची पूर्ण माहिती अर्जात दिलेली नव्हती, हे चौकशीत बाहेर आलं. 2010च्या कायद्याने तिथे एअरलाइनच्या सह-वैमानिकांनाही 1500 तासांची अट आली आणि वैमानिकांच्या नोंदींचा केंद्रीय डेटाबेस उभारायचा आदेशही त्याच कायद्याचा. त्या डेटाबेसमध्ये तुमच्या लॉगबुकाची पानं नसतात, चाचण्या आणि प्रशिक्षणाच्या नोंदी असतात. पण लपवलेली नापास चाचणी आता लपून राहत नाही, आणि एक गोष्ट लपवणाऱ्याच्या तासांवर कोण विश्वास ठेवेल?

शिक्षेचं म्हणाल तर मुद्दाम खोटी नोंद केल्याबद्दल अमेरिकेत लायसन्स निलंबित किंवा रद्द होऊ शकतं. रद्द झालं तर साधारणपणे वर्षभर नव्याने अर्जही करता येत नाही आणि त्यानंतर पुन्हा परीक्षांपासून सुरुवात. वाढवलेले तास किती होते, वीस की दोनशे, याने फारसा फरक पडत नाही.

‘अ‍ॅप आहे ना.’

अ‍ॅप जरूर वापरा. बेरजेच्या चुका त्याने जवळजवळ संपतात. पण त्याला तुम्ही जे सांगाल तेच कळतं. स्थानिक वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) म्हणून भरली तर ते भर दुपारी रात्रीचे तास काढून देतं, तेही बिनतक्रार. सेटिंगमध्ये भूमिका पीआयसीवर राहून गेली तर ड्युअलची, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबत शिकतानाची, उड्डाणंही कमांडमध्ये जाऊन बसतात. महिन्यातून एकदा यादी डोळ्यांखालून घाला आणि एक प्रत फोनबाहेर ठेवा.

‘नवी वही घ्या, सगळं स्वच्छ उतरवा.’

हाच तो घातक सल्ला. मूळ वहीत इन्स्ट्रक्टरच्या सह्या आहेत, चेकराइडचे (उड्डाणाच्या प्रात्यक्षिक परीक्षेचे) शेरे आहेत, पहिल्या सोलोची (एकट्याने केलेल्या उड्डाणाची) नोंद आहे. नव्या वहीत त्यांतलं काही नाही. आहे ते तीन वर्षांचं उड्डाण एकाच पेनने, एकाच हस्ताक्षरात, एकही खाडाखोड नसलेलं. असली वही बघून समोरच्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो मूळ वही कुठे गेली हाच. वापरलेली वही थोडी मळकी असते, आणि ते तिच्या बाजूनेच बोलतं.

चूक दुरुस्त करायची रीत साधी आहे. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा, छोटी सही, तारीख. व्हाइटनर नाही, ब्लेडने खरवडणं नाही. बेरीजच चाळीस पानं मागे चुकली असेल तर मागची पानं गिरवत बसू नका. आजच्या पानावर एक ओळ लिहा, की अमुक पानावरच्या बेरजेत इतक्या तासांची चूक सापडली, ती इथे वजा केली. नवी वही सुरू करायचीच असेल तर जुन्या बेरजा पुढे ओढा आणि जुनी वही जपून ठेवा.

वही खरोखर हरवली तर? तेव्हा वर सांगितलेले साक्षीदारच कामाला येतात. टेक लॉग, भाड्याच्या पावत्या, स्कूलची रजिस्टरं, वैद्यकीय अर्जांच्या प्रती गोळा करून हिशोब पुन्हा उभा करायचा आणि तो पुन्हा उभा केलेला आहे, असं सही करून स्पष्ट लिहायचं. हे लपवण्यासारखं नाही.

‘कंपनीचं सॉफ्टवेअर ठेवतंच.’

ठेवतं, पण स्वतःसाठी. ड्युटीची मर्यादा ओलांडली जात नाही ना, हे बघणं हे त्याचं मुख्य काम. लँडिंग तुम्ही केलं की शेजारच्याने, इन्स्ट्रुमेंटवर प्रत्यक्ष ढगात किती वेळ होता, याची नोंद त्यात असेलच असं नाही. आणि राजीनामा दिला की तुमचं लॉगिन बंद होतं. कंपनीच बंद पडली तर विचारायलाही कुणी उरत नाही. म्हणून दर महिन्याला तिथले आकडे स्वतःच्या वहीत उतरवा, आणि नोटीस पीरियड संपायच्या आत तासांचा सही-शिक्क्यानिशी उतारा मागून घ्या.