फोर्टात लॉफ्ट भाड्याने घेताय? आधी जिन्याखाली बघा

फोर्ट, काळा घोडा, बॅलार्ड इस्टेट, कुलाब्यातल्या आतल्या गल्ल्या. जुन्या इमारतीत नवं इंटिरियर करून 'लक्झरी लॉफ्ट' भाड्याने द्यायचं पेव फुटलंय. आपल्याकडे लॉफ्ट म्हणजे मोरीवरची जागा, जिथे आकाशकंदील आणि तुटक्या बॅगा जातात. इथे म्हणायचंय ते पोटमाळ्याला. असो, नाव बदललं की भाडंही बदलतं.

माझं सरळ मत असं की या जागांत पैसा आतल्या सजावटीवर लागलेला असतो आणि धोके बहुतेक दाराबाहेर असतात. ब्रोकर छताकडे बोट दाखवायला लागला की तुम्ही खाली उतरा आणि जिन्याखालचे मीटर बघा. काळवंडलेला लाकडी बोर्ड, लोंबणाऱ्या वायरी, मागे ओल धरलेली भिंत दिसली, तर वर इटालियन मार्बल असला तरी वीज याच गुंत्यातून येणार. बेस्टच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो. दीड टनाचे दोन एसी, गीझर आणि इंडक्शन एकदम चालले की सात किलोवॅटच्या आसपास जातं. बिलावर तीन असेल तर मे महिन्यात एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) पडत राहणार. 'लोड वाढवून घेऊ' यावर विसंबू नका. त्यासाठी इमारतीची मुख्य केबल पुरायला हवी आणि ते एकट्या घरमालकाच्या हातात नसतं.

दुसरा प्रश्न: समोरचा माणूस खरंच मालक आहे का? या भागात पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे मोजून घेतलेल्या जुन्या भाड्याच्या जागा पुष्कळ. त्याने मालकीचा करार न दाखवता भाडेपावती पुढे केली, तर तो स्वतःच भाडेकरू आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २६ प्रमाणे, करारात तशी मुभा नसेल तर त्याला जागा दुसऱ्याला देता येत नाही. इमारतीच्या मालकाने त्याला बाहेर काढायचा दावा लावला की तुमचंही सामान रस्त्यावर. मालकाची लेखी संमती बघितल्याशिवाय टोकनही देऊ नका.

इमारत ३० वर्षांवर गेली की स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. अहवाल मागा, वर्ग बघा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे मोठी दुरुस्ती आणि काही भाग खाली करणं. उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर लागू असलेली जुनी) इमारत असेल तर म्हाडाची दुरुस्तीही कधीही निघू शकते. म्हणून लॉक-इनच्या (ज्या मुदतीत जागा सोडता येत नाही, तिच्या) कलमात एक ओळ घालून घ्या: पालिका किंवा म्हाडाची नोटीस आल्यास लॉक-इन संपेल आणि डिपॉझिट १५ दिवसांत परत मिळेल. या ओळीला जो नाही म्हणतो, त्याला नोटिशीबद्दल काहीतरी माहीत असतं.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. मुदत कितीही असो, त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी लागतेच आणि ती जबाबदारी घरमालकाची. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. समजा भाडं महिना २ लाख, २४ महिने, म्हणजे ४८ लाख; १० लाखांच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज २ लाख; एकूण ५० लाखांवर १२,५०० रुपये, वर नोंदणी फी १,०००.

आता पोटमाळा. टेप घेऊन जा. छत १४ फूट असेल तर खाली ७, मधला मजला अर्धा फूट, वर साडेसहा उरतात. पंखा लावायचा नाही, पण उभं राहता येतं. छत १२ फूट असेल तर वर साडेचारच. रात्री उठताना डोकं आपटणार. गरम हवा वरच साचते, त्यामुळे पलंगाच्या पातळीवर वेगळा एसी हवा. त्याचं बाहेरचं युनिट कुठे बसवलंय तेही बघा, कारण हेरिटेज इमारतीच्या दर्शनी भागावर ते मनाला येईल तसं टांगता येत नाही. पोटमाळा मंजूर नकाशात आहे का, हे विचाराच.

आणि ती उघडी वीट! ही वीट चुन्याच्या गिलाव्याखाली राहण्यासाठी रचलेली. फोटोसाठी गिलावा खरवडला की पश्चिमेची भिंत पावसाळाभर पाणी पिते आणि विटेची भुकटी उशीवर पडते. पाहणी जुलैत करा, रात्रभर धो धो पाऊस पडून गेल्यावर सकाळी. पलंगामागच्या भिंतीला तळहात टेकवा आणि लाल होतो का बघा.